पाणी कुठल्या खडकातून आलं?

साताऱ्याहून बंगळुरूला लेकाकडे आलेल्या शेजारच्या काकूंनी मला विचारलं, "कर्नलसाहेब, गावच्या विहिरीचं पाणी पातेल्याला पांढरा थर धरायचं, इथल्या बोअरचंही धरतं. म्हणजे पाणी सारखंच ना?"

थर सारखा, पाणी नव्हे.

सातारा बसला आहे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हावर. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं आणि काळ्या बसाल्टमधून कॅल्शियम, मॅग्नेशियम, सिलिका सोडवून घेतं. महाबळेश्वरच्या माथ्यावर मात्र जांभा आहे. त्यातले विरघळणारे क्षार पावसानं केव्हाच धुऊन नेलेत, शिवाय ओढ्याचं पाणी धावतं, त्याला खडकाशी बोलायला वेळच नसतो. म्हणून ते हलकं. तेच पाणी खाली बसाल्टच्या भेगांत महिनोन्‌महिने मुरलं की जड होतं, डाळ शिजेना होते.

लोणारला हाच बसाल्ट, पण उल्केनं केलेल्या खड्ड्यात. पाण्याला बाहेर वाट नाही, ते फक्त उन्हानं उडतं. कॅल्शियम तळाशी बसतं, सोडियमचे कार्बोनेट उरतात आणि पीएच दहाच्या आसपास जातो. खडकाइतकीच पाण्याची वाटही महत्त्वाची, ती अशी.

आता बंगळुरू. लालबागेतला तो मोठा खडक पाहिलात ना? तो नाइस, वय सुमारे ३०० कोटी वर्षं. अशा ग्रॅनाइट-नाइसच्या अभ्रकासारख्या खनिजांत फ्लोराइड असतं. पाण्यात कॅल्शियम भरपूर असलं तर दोघं मिळून घट्ट क्षार होऊन बसतात, फ्लोराइड फार चढत नाही. कॅल्शियम कमी पडलं की ते पाण्यातच राहतं. शेजारच्या कोलार जिल्ह्याचं हेच दुखणं, आणि आपल्याकडे बसाल्ट संपतो त्या किनवट, चंद्रपूर भागातही.

घात असा की पांढरा थर दिसतो, त्याची भीती वाटते. फ्लोराइडला ना रंग, ना वास, ना चव. ते दात आणि हाडं धरतं. उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की घट्ट होतं. मानक म्हणतं लिटरमागे १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत.

फौजेत टँकर आला की आधी क्लोरीन तपासायचो. इथे सोसायटीत टँकर आला की मी आता विचारतो, कुठल्या बोअरचं? ड्रायव्हरला अजून सांगता आलेलं नाही. म्हणून काकूंच्या नातवासाठी नमुना प्रयोगशाळेत दिलाय, फ्लोराइड वेगळं लिहून मागवलंय.