रखवालदाराच्या हाती वही

महिधरपुऱ्याच्या हिरेबाजारात दुपारच्या वेळी जो कोणी गेला असेल त्यास तेथील देखावा वर्णन करून सांगावयास नको. रस्त्याच्या कडेला, दुकानांच्या ओट्यांवर, उभ्या केलेल्या स्कूटरच्या बैठकीवर कागदाच्या पुड्या उलगडल्या जातात, चिमट्याने खडा उचलून भिंगाखाली धरला जातो, आणि मोठ्या मोलाचा माल केवळ पतीवर एका हातातून दुसऱ्या हातात जातो. नवख्या माणसास वाटते की या बाजारात झाकलेले असे काहीच नाही. वस्तुतः दोन गोष्टी येथे डोळ्यांत तेल घालून जपल्या जातात. एक भाव आणि दुसरे गिऱ्हाईक.

भाव झाकण्याची रीत फार जुनी आहे. सतराव्या शतकात टॅव्हर्निअर हा फ्रेंच जव्हेरी हिऱ्यांच्या शोधात अनेकदा हिंदुस्थानात आला. गोवळकोंड्याच्या खाणींवर त्याने पाहिले की घेणारा व देणारा समोरासमोर बसतात, वस्त्राखाली परस्परांचा हात धरतात आणि बोटांच्या दाबाने बोली करतात. सौदा पुरा होईपर्यंत तोंडातून शब्द निघत नाही. सभोवती माणसे असत, परंतु त्यांस कळे ते इतकेच की अमुक मनुष्य अमुकाशी व्यवहार करीत आहे. काय भावाने, हे त्या दोघांवाचून कोणासही कळत नसे.

आज तो रुमाल जाऊन त्याच्या जागी मोबाईल आला आहे. खड्याचे चित्र, साडीच्या नव्या नक्षीचा नमुना, मालाची मागणी, पैशाचा तगादा, सारे काही व्हॉट्सॲपवरून जाते. एप्रिल २०१६ पासून त्यावरील संदेश अशा रीतीने कुलूपबंद असतात की धाडणारा व घेणारा यांखेरीज कंपनीसही ते वाचता येत नाहीत. ही सोय खरी आहे आणि तिचे श्रेय देण्यात कृपणपणा करू नये. परंतु कोणी कोणाशी, किती वाजता, किती वेळा संपर्क केला, तो कोणत्या फोनवरून केला, आणि त्याच्या फोनच्या यादीत आणखी कोणाचे क्रमांक आहेत, ही माहिती त्या कुलपाच्या बाहेर राहते. म्हणजे रुमालाची रीत उलटली. पूर्वी भाव झाकला जाई व माणसे दिसत. तीही त्या घटकेपुरती, त्या चार जणांना. आता भाव झाकलेला राहतो आणि माणसांची जोडी एका परदेशी पेढीच्या वहीत नोंदली जाऊ शकते. ज्याने आयुष्यभर दलाली केली आहे त्यास विचारा, या दोहोंतील अधिक मोलाचे कोणते. भाव उद्या बदलतो. गिऱ्हाईक बापाकडून मुलाकडे येते.

ही माहिती आपण गोळा का करता, असा प्रश्न समाजमाध्यमांच्या कंपन्यांस विचारला की उत्तरांत एक शब्द हमखास येतो: सुरक्षितता. आपले खाते कोणी चोरू नये, लुच्चे लोक आपणांस फसवू नयेत, मुलाबाळांस उपद्रव होऊ नये, म्हणून आम्हांस हे सर्व ठाऊक असले पाहिजे. हे उत्तर खोटे आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. खोट्या नावाने खाते उघडून उधारीवर माल उचलणारे भामटे आपल्या बाजारातही आहेत, आणि त्यांस हुडकावयाचे तर काही खुणा ठेवाव्याच लागतात. लहान मुलांच्या छळाची चित्रे पसरविणाऱ्यांस पकडण्याच्या कामी या कंपन्यांच्या नोंदी पोलिसांच्या उपयोगी पडल्या आहेत. पेढीवर रखवालदार नको असे कोण म्हणेल? प्रश्न निराळा आहे. रखवालदाराने दाराशी नावे लिहून घेतली, ती वही संध्याकाळी कोठे जाते?

याची उत्तरे आता तर्काने द्यावी लागत नाहीत. ती सरकारी कज्ज्यांतून बाहेर आली आहेत. फेसबुक आपल्या सभासदांस सांगे की खात्याला दुसरे कुलूप घालावयाचे असल्यास फोनचा क्रमांक द्या. लोकांनी तो कुलपासाठी दिला. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०१९ साली त्या कंपनीवर ५ अब्ज डॉलरांचा दंड बसविला, तेव्हाच्या आरोपांत एक हाही होता की हेच क्रमांक जाहिरातींच्या कामी लावले गेले. ट्विटरची गोष्ट तर याहून उघड आहे. २०१३ ते २०१९ या काळात १४ कोटींहून अधिक लोकांनी सुरक्षिततेच्या कारणास्तव दिलेले क्रमांक व पत्ते जाहिरातदारांस ठरावीक माणसे गाठून देण्यासाठी वापरले गेले, असे त्याच आयोगाचे म्हणणे होते. मे २०२२ मध्ये कंपनीने १५ कोटी डॉलर दंड भरण्याचे मान्य केले.

तिसरे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. फेसबुकने २०१३ साली ओनाव्हो नावाची इस्राएली कंपनी विकत घेतली. तिचे ‘ओनाव्हो प्रोटेक्ट’ नावाचे साधन लोकांनी फोनवर घ्यावे, त्यायोगे त्यांची माहिती सुरक्षित राहील, अशी जाहिरात होती. नावातच संरक्षण! प्रत्यक्षात ते साधन वापरणारा मनुष्य फोनवर दुसऱ्या कोणकोणत्या कंपन्यांच्या सेवा किती वेळ वापरतो याची माहिती फेसबुकला मिळे, आणि ती फेसबुकच्या स्वतःच्या व्यापारी हिशेबांस उपयोगी पडे. ॲपलने २०१८ साली ते आपल्या दुकानातून काढावयास लावले. जुलै २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने फेसबुकच्या दोन उपकंपन्यांस मिळून २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला, कारण हा उपयोग ग्राहकांस नीट सांगितला नव्हता. कुलूप विकणाऱ्याने किल्लीची एक प्रत स्वतःपाशी ठेवावी, तसाच हा प्रकार.

सुरतेस मात्र असा परवाना नवा नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी अरबी समुद्रावर आपला अंमल जाहीर केला आणि व्यापारी जहाजांस ‘कार्ताझ’ नावाचा परवाना घेणे भाग पाडले. तो असला म्हणजे वाटेत पोर्तुगीज आरमार त्रास देणार नाही, हे त्याचे वरपांगी प्रयोजन. त्यासाठी द्यावी लागणारी फी थोडकी होती. खरे मोल दुसरेच होते. जहाजाचे नाव, नाखुद्याचे नाव, जहाज केवढे, खलाशी किती, शस्त्रे कोणती, कोठे निघाले, हे सारे त्या कागदावर लिहून द्यावे लागे, आणि गुजरातच्या जहाजास दीवसारख्या पोर्तुगीज बंदरात थांबून जकात भरावी लागे. ज्या भयापासून हे संरक्षण होते ते भय बव्हंशी परवाना देणाऱ्याचेच होते, हे निराळे सांगावयास नको.

आणि तो कागद जवळ असून काय झाले? जहांगीर बादशहाची आई मरियम-उझ-झमानी हिच्या मालकीचे ‘रहीमी’ नावाचे मोठे जहाज हजच्या यात्रेकरूंची व मालाची ने-आण करीत असे. त्याच्यापाशी रीतसर कार्ताझ होता. तरीही १६१३ साली पोर्तुगीजांनी ते सुरतेच्या समुद्रात पकडले आणि गोव्यास नेले. मोगलांनी इंग्रजांस जवळ केले याचा राग त्यांस आला होता. जेथे बादशहाच्या आईच्या परवान्याची ही किंमत, तेथे साध्या सावकाराच्या परवान्याची काय असेल! फरक इतकाच की जहांगीरापाशी फौज होती. त्याने दमणला वेढा घातला व पोर्तुगीजांचा सुरतेतील व्यापार बंद पाडला. आपण फोनवरील लांबलचक अटींखाली ‘मान्य आहे’ असे बोट लावतो, तेव्हा आपल्यामागे कोणती फौज असते?

थोडीफार आता उभी राहू लागली आहे. फेसबुकने २०१४ साली व्हॉट्सॲप १९ अब्ज डॉलरांस घेण्याचा सौदा केला. दोन्हींच्या सभासदांची खाती आपोआप जुळविणे शक्य नाही, असे त्या वेळी युरोपीय आयोगास सांगण्यात आले होते. ऑगस्ट २०१६ मध्ये क्रमांक फेसबुकला देण्याचे धोरण जाहीर झाले, आणि त्याच्या कारणांत निरुपयोगी व त्रासदायक संदेशांस आळा घालण्याचेही कारण होते. आधीचे सांगणे दिशाभूल करणारे होते म्हणून आयोगाने मे २०१७ मध्ये ११ कोटी युरो दंड केला. आपल्याकडे जानेवारी २०२१ मधील धोरणावरून, ते मान्य करा नाहीतर सेवा सोडा अशा थाटाचे म्हणून, भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटा कंपनीस २१३.१४ कोटी रुपये दंड ठोठावला. अपिलीय न्यायाधिकरणाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दंड कायम ठेवला. जाहिरातींसाठी माहिती देण्यावर घातलेली पाच वर्षांची बंदी मात्र उठविली. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला आणि २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा संमत झाला. ज्या कामासाठी संमती घेतली त्या कामापुरतीच माहिती वापरावी, हे त्याचे सूत्र. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. मुख्य बंधनांस त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत आहे.

या सूत्रात आपल्या वाचकांस अपरिचित असे काही नाही. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत त्यांत एक न्यासापहार, म्हणजे ठेवीचा अपहार. ठेव बुडविणे ही चोरी. मग तिची गणना सत्याच्या व्रतात कशी? पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत याचा जो उलगडा केला आहे तो फार मार्मिक आहे. ठेव ठेवणारा किती ठेवले हे विसरतो, थोडेच परत मागतो, आणि ठेवून घेणारा ‘होय, इतकेच’ असे म्हणतो. दहा वर्षांपूर्वी कोणत्या कंपनीस आपण काय काय लिहून दिले याची आठवण आपल्यापैकी कोणास आहे? विसर हाच तेथे नफा. दुसरा अतिचार साकारमंत्रभेद. दुसऱ्याच्या अंगविक्षेपावरून, भुवईच्या हालचालीवरून त्याच्या मनातील हेतू ताडून तो उघड करणे. कोणते चित्र पाहताना बोट किती क्षण थांबले यावरून मनुष्याची आवड ताडून ती जाहिरातदाराच्या कामी लावणारे यंत्र पूज्यपादांनी पाहिले नव्हते, परंतु दोष त्यांनी ओळखला होता.

एक गोष्ट मात्र सोयीची नसली तरी लिहावी लागते. आपण फोनमधील यादी कंपनीच्या हवाली करतो तेव्हा ती केवळ आपली नसते. मुंबईचा अडत्या, भागलपूरचा व्यापारी, ओळखीचा कारागीर, यांपैकी कोणी आपणांस तशी परवानगी दिलेली नसते. आयर्लंडच्या नियामकाने २०२१ साली व्हॉट्सॲपला २२ कोटी ५० लाख युरो दंड केला, त्या निर्णयात सभासद नसलेल्या लोकांच्या क्रमांकांचाही विचार झाला होता. शिवाय आपल्याच कारखान्यांत कारागिरांच्या बोटांचे ठसे, छायाचित्रे, घरचे पत्ते मालाच्या सुरक्षिततेसाठी घेतले जातात. ते घ्यावेतच. पण पैसे थकवून गेला असे कोणी म्हटल्याबरोबर एखाद्याचे छायाचित्र शंभर व्यापाऱ्यांच्या गटांत फिरते, तेव्हा ते सुरक्षिततेच्या कामी लागले की सुडाच्या, हे कोण तपासतो? त्यातील एखादा निर्दोष ठरला तर ते चित्र परत कोण गोळा करतो?

गेल्या दिवाळीपूर्वी रिंग रोडवरील एका कापडबाजारात मी घरच्यांसाठी दोन साड्या घेतल्या. पावती करताना गल्ल्यावरील मुलाने क्रमांक मागितला. म्हणाला, “काका, माल बदलायचा झाला तर सोपं पडतं. तुमच्याच सोयीसाठी.” मी दिला. पुढे दोन महिने रोज सकाळी साड्यांची चित्रे येत राहिली. काही त्या दुकानाची, काही अशा दुकानांची, ज्यांची पायरीही मी चढलो नव्हतो. संक्रांतीनंतर मुद्दाम गेलो. शेठजी सज्जन, त्यांनी चहा मागविला, माझ्यादेखत फोनमधून क्रमांक काढून टाकला आणि दिलगिरीही व्यक्त केली. मी विचारले, “आणि बाकीच्या दुकानांतून?” ते मुलाकडे पाहू लागले. मुलाने थोडे आठवून तीन नावे सांगितली, मग चौथे सांगितले, आणि मग म्हणाला की त्यांनी पुढे कोणाला दिला असेल ते त्यालाही ठाऊक नाही.