बोरीबंदरचे दगड कोणी घडवले?

ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडची आपली हजारो माणसे रोज लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला, म्हणजे जुन्या बोरीबंदरला उतरतात. कामावर वेळेत पोहोचायचे असते, त्यामुळे मान वर करून बघायला कोणाला सवड नसते. पण स्टेशनाबाहेर पडले की एका बाजूला स्टेशनाची आणि समोर मुंबई महानगरपालिकेची, अशा दोन भव्य दगडी इमारती उभ्या दिसतात. दोन्हींचा आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या इंग्रज माणसाने केला. स्टेशनाचे काम १८७८ साली सुरू झाले आणि दहा वर्षे चालले. २००४ साली युनेस्कोने या स्टेशनाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. महापालिकेची कोनशिला १८८४ साली लॉर्ड रिपन यांनी बसवली आणि १८९३ साली इमारत पुरी झाली.

आराखडा स्टीव्हन्सचा, हे आपली मुले शाळेत शिकतात. पण दगड कोणी फोडला? चुना कोणी मळला? परांचीवर कोण चढले? हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

मुंबईतील बांधकामावर तेव्हा तेलंगणातून, म्हणजे निजामाच्या मुलखातून आलेल्या तेलुगू मजुरांचा मोठा भरणा होता. त्यांना कामाठी म्हणत. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून ही माणसे पोटासाठी मुंबईत येऊ लागली. भाषा परकी, गाव परके. पण हातात गवंड्याचे कसब होते. ते ज्या वस्तीत राहिले ती कामाठीपुरा. आज हे नाव उच्चारले की लोक तोंड फिरवतात. मुंबई बांधणाऱ्या कष्टकऱ्यांचे हे नाव आहे, हे किती जणांना ठाऊक आहे?

त्या काळी सिमेंट सर्रास वापरत नसत. चुना आणि वाळू घाणीत दळून मळत. भिंतीला कठीण दगड लागे, नक्षीला पोरबंदरचा मऊ दगड वापरत. एकेक चिरा टाकी-हातोडीने घडवायचा, ओळंबा लावून बसवायचा. स्टेशनावरच्या नक्षीकामात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचाही हात होता.

महापालिकेच्या इमारतीचे कंत्राट व्यंकू बाळोजी कालेवार या तेलुगू कंत्राटदाराकडे होते. मंजूर रक्कम होती सुमारे ११ लाख ८८ हजार रुपये आणि खर्च आला सुमारे ११ लाख १९ हजार. म्हणजे जवळजवळ ७० हजार रुपये वाचले! सरकारी कामात पैसे उरल्याचे आज ऐकायला तरी मिळते का?

आपल्या वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कालेवार, जाया कराडी लिंगू, रामय्या व्यंकय्या अय्यावारू ही मुंबईची तेलुगू मंडळी महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक चळवळीच्या पाठीशी उभी राहिली. जोतीराव स्वतः बांधकामाची कंत्राटे घेत असत. मजुराचा घाम आणि दगडाची किंमत त्यांना पुस्तकातून कळलेली नव्हती. ११ मे १८८८ रोजी मांडवी कोळीवाड्याच्या सभेत मुंबईकरांनी त्यांना ‘महात्मा’ ही पदवी दिली. त्या वेळी बोरीबंदरचे स्टेशन नुकतेच पुरे होत आले होते. ज्या जोतीरावांना बाबासाहेबांनी गुरू मानले, त्यांच्या कार्याला आधार देणाऱ्यांत दगड-चुन्यावर पोट भरणारी ही परप्रांतातून आलेली माणसेही होती. भाषा वेगळी, जात वेगळी, पण विचार एक झाला.

तरीही कंत्राटदाराचे नाव उरले, बिगाऱ्याचे उरले नाही. टोपल्या वाहणाऱ्या बायांची नावे तर कोणीच लिहून ठेवली नाहीत.

आज ठाणे आणि कल्याण परिसरात वीस-वीस, तीस-तीस मजली इमारती उठत आहेत. सकाळी मजूर नाक्यावर उभे राहणारे भाऊ-बहिणी मराठवाड्याचे आहेत, तेलंगणाचे आहेत, बिहारचे आहेत. ते कामाठ्यांचेच वारस नव्हेत काय? फरक एवढाच की आज कायदा आहे. बांधकाम कामगारांसाठी केंद्राने १९९६ साली कायदा केला आणि बांधकामाच्या खर्चावर उपकर बसवला. महाराष्ट्रात कामगारांचे कल्याणकारी मंडळ आहे. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला असला की १८ ते ६० वयाच्या कामगाराला नोंदणी करता येते. पण नोंदणीच नसेल तर मुलाची शिष्यवृत्तीही नाही आणि अपघाताची मदतही नाही.

म्हणून प्रत्येक घराने एक काम करावे. आपल्या चाळीत, वस्तीत जो गवंडी किंवा बिगारी असेल त्याला विचारावे, “दादा, नोंदणी झाली का?” झाली नसेल तर घरातल्या शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने त्याचा अर्ज भरून द्यावा. कामाठ्यांची नावे कोणी लिहिली नाहीत. यांची तरी कुठेतरी लिहिली जाऊ द्या.