लाल गाडी गुलाबी का होते?

अमेरिकेतील शेव्हरोले कंपनीने १९५३ साली ‘कॉर्व्हेट’ नावाची दोन आसनांची वेगवान मोटार बाजारात आणली. पहिल्या वर्षी अशा अवघ्या ३०० गाड्या तयार झाल्या आणि त्या सगळ्या पांढऱ्या होत्या. पुढे लाल, निळ्या, पिवळ्या कॉर्व्हेटही रस्त्यांवर दिसू लागल्या. या गाडीचे वैशिष्ट्य असे की, तिचे अंग पोलादी पत्र्याचे नव्हते. काचतंतूंनी बळकट केलेल्या प्लॅस्टिकचे ते बनवीत. प्लॅस्टिक गंजत नाही. मग अशी एखादी लाल गाडी वीस-तीस वर्षे उघड्यावर झाडाखाली पडून राहिली, तर तिचे काय बिघडणार?

गाडीचे अंग शाबूत राहते, पण रंग मात्र ओळखू येत नाही. मूळचा रसरशीत लाल रंग फिकट गुलाबी होतो. त्यावरून बोट फिरवले, तर फळा पुसल्यावर लागते तशी भुकटी बोटाला लागते. मालकाला वाटते, रंग मेला. आता तो खरवडून गाडी नव्याने रंगवावी. पण पुष्कळदा रंग मेलेला नसतो. तो वरच्या पातळशा पापुद्र्याखाली दडलेला असतो. त्याला वर आणायचे कसे, हे समजण्यासाठी आधी रंग म्हणजे काय, ते पाहू या.

रंगाच्या थरात मुख्यतः दोन गोष्टी असतात. एक रंगद्रव्याचे बारीक कण आणि दुसरा त्यांना धरून ठेवणारा बंधक पदार्थ. लाडू वळताना पाक जे काम करतो, तेच काम रंगात बंधक करतो. पूर्वी मोटारींना वार्निश लावीत व ते वाळून गाडी तयार व्हायला कित्येक दिवस, कधी कधी आठवडे लागत. १९२३ साली जनरल मोटर्सच्या ‘ओकलंड’ गाड्यांवर ‘ड्यूको’ नावाचे लॅकर वापरण्यात आले. सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची क्रिया करून मिळणारे नायट्रोसेल्युलोज हा त्यातील बंधक होता. द्रावक उडून गेला की रंग वाळला, इतके ते सोपे झाले. पुढे नायट्रोसेल्युलोजची जागा अॅक्रिलिकने घेतली. ‘लॅकर’ हा शब्द आपल्या ‘लाख’ या शब्दाचा दूरचा नातेवाईक आहे, हे जाता जाता लक्षात ठेवा. दोघांचे मूळ ‘लाक्षा’ या संस्कृत शब्दात आहे.

कॉर्व्हेटला १९८१ पर्यंत असेच लॅकर लावीत. त्या वर्षी तिचे उत्पादन मिसुरी राज्यातील सेंट लुइसहून केंटकी राज्यातील बोलिंग ग्रीन येथे हलवण्यात आले. तेथे खाली रंगाचा थर आणि त्यावर पारदर्शक थर अशी दुपदरी पद्धत सुरू झाली. त्याआधीच्या गाड्यांवर पारदर्शक थराचे हे संरक्षण नव्हते. ऊन सरळ रंगावरच पडे.

ऊन काय करते?

सूर्यप्रकाशातील जंबुपार (अतिनील) किरणांत बंधकाच्या लांबलचक रेणूंचे बंध तोडण्याइतकी ऊर्जा असते. तुटलेले तुकडे हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावतात आणि ही मोडतोड पुढे चालू राहते. पांढऱ्या रंगात वापरले जाणारे टायटॅनियम डाय-ऑक्साइड तर जंबुपार किरण शोषून आपल्याभोवतीच्या बंधकाच्या नाशाला हातभारच लावते. बंधक नाहीसा झाला की रंगद्रव्याचे कण मोकळे पडतात. बोटाला लागणारी भुकटी ती हीच.

पण लाल रंग गुलाबी का दिसावा? काही लाल रंगद्रव्ये उन्हाने विटतात, हे एक कारण. दुसरे कारण पृष्ठभागाच्या खडबडीतपणात आहे. गुळगुळीत रंगावर सरळ पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के प्रकाश वरच्या वरच आरशाप्रमाणे एकाच दिशेने परावर्तित होतो. त्यालाच आपण चकाकी म्हणतो. उरलेला प्रकाश आत शिरतो, त्यातील निळा-हिरवा भाग रंगद्रव्य शोषून घेते आणि लाल प्रकाश बाहेर येतो. पृष्ठभाग खडबडीत झाला की वरच्या वर परतणारा पांढरा प्रकाश एका दिशेने न जाता सगळीकडे विखुरतो व लाल प्रकाशात मिसळतो. लाल आणि पांढरा मिळून गुलाबी!

याचा पुरावा अगदी सोपा आहे. अशा गाडीवर पाणी ओता. क्षणात ती पुन्हा लालभडक दिसते आणि वाळली की परत गुलाबी होते. शहाबादी फरशी किंवा दगडी पाटी ओली केल्यावर गडद दिसते, तसेच हे आहे. हवेचा अपवर्तनांक १, पाण्याचा १.३३ आणि रंगाच्या बंधकाचा सुमारे १.५. पाणी खाचाखोचांत भरले की रंगाच्या सीमेवर होणारे परावर्तन ४ टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्याच्याही खाली येते; पाण्याचा वरचा पृष्ठभाग तर गुळगुळीतच असतो. म्हणून पाणी टाकल्यावर लाल दिसणाऱ्या गाडीबद्दल आशा धरायला हरकत नाही.

केसाएवढी शिल्लक

आता उपचार. मोटारीवरील सगळे थर मिळून रंगाची जाडी साधारणपणे १०० ते २०० मायक्रॉन असते, म्हणजे एकदोन केसांइतकी. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) पॉलिश करणे म्हणजे या पुंजीतून थोडे खर्च करणे. गेलेला मायक्रॉन परत येत नाही. तेव्हा कमीत कमी खर्चात काम कसे भागवायचे, हाच खरा प्रश्न आहे.

जाणकार कारागीर म्हणूनच घाई करीत नाही. आधी तो सावलीत भरपूर पाण्याने गाडी धुतो, कारण धुळीतील वाळूचा कण रंगाहून कठीण असतो. मग एखाद्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात थिनरचा थेंब लावून पाहतो. लॅकर केवळ द्रावक उडून वाळलेले असल्याने थिनरने पुन्हा मऊ पडते. झाडाचा चीक व चिकटलेले कण मऊ मातीसारख्या लगद्याने, ओलाव्यावरून अलगद सरकवीत उचलले जातात. त्यानंतर रंगावर तेलकट मलम लावून ते रात्रभर मुरू देतात. तेल खाचांत भरते आणि घासताना वंगणाचे काम करते. तेलाने रंग ‘जिवंत’ होत नाही. पाण्याप्रमाणेच ते पोकळी भरून काढते, फक्त लवकर उडून जात नाही.

मग हातभर जागेवर सौम्य पॉलिशची परीक्षा होते. पॉलिशमध्ये अॅल्युमिनियम ऑक्साइडसारख्या कठीण पदार्थाची अतिबारीक पूड असते. फडके लालेलाल होते. पाहणारा घाबरतो, पण पारदर्शक थर नसलेल्या गाडीत तसे होणारच. सौम्य पॉलिशने काम झाले, तर तीव्र वापरायचे नाही, हा नियम. जुन्या लाल, नारिंगी व पिवळ्या रंगांपैकी काहींत शिशाची संयुगे असत, म्हणून असा रंग कोरडा घासून त्याची धूळ उडवू नये.

प्लॅस्टिकच्या अंगामुळे येथे दोन अडचणी येतात. रंगाची जाडी मोजण्याचे नेहमीचे उपकरण चुंबकत्वावर किंवा धातूत निर्माण होणाऱ्या भोवरी प्रवाहांवर चालते. खाली धातू नसेल, तर ते निरुपयोगी ठरते व श्राव्यातीत ध्वनीचे उपकरण लागते. दुसरी अडचण उष्णतेची. पोलाद घर्षणाची उष्णता झटकन पसरवते. काचतंतूचे प्लॅस्टिक उष्णतेचे मंदवाहक आहे. विजेचे पॉलिशयंत्र एका जागी रेंगाळले, तर लॅकर मऊ होऊन फाटते. कडांवर तर रंग आधीच पातळ असतो, म्हणून कडा हातानेच पुसतात.

प्रत्येक दुखण्यावर मात्र इलाज नाही. थराच्या आरपार गेलेल्या बारीक तड्यांचे जाळे घासून जात नाही. घासत राहिले तर तड्यांच्या आधी रंगच संपतो. तेथे थांबणे हेच शहाणपण. गाडी पुन्हा हवी तितक्या वेळा रंगवता येते, पण कारखान्यात चढलेला मूळ रंग एकदाच मिळतो. त्या काळी रंग कसा होता, कसा लावीत, हे सांगणारा तो एकमेव साक्षीदार असतो. म्हणून जुन्या गाड्यांचे दर्दी लोक चार ओरखडे असलेल्या मूळ रंगालाही मान देतात. शेवटी मेणाचा हात देतात. मेण पाणी दूर ठेवते. उन्हावरचा खरा उपाय मात्र छप्पर हाच.

करून पाहा

पारदर्शक प्लॅस्टिकची जुनी मोजपट्टी घ्या. तिचा एक भाग ओला करून बारीक पॉलिशपेपरने घासा. वाळल्यावर तो धुरकट दिसेल. त्यावर खोबरेल तेलाचा थेंब पसरा. पट्टी पुन्हा पारदर्शक होईल. साबणाने तेल धुऊन टाका. धुरकटपणा परत येईल. आता पांढरी टूथपेस्ट व ओले फडके घेऊन तोच भाग दहा-पंधरा मिनिटे चिकाटीने घासा आणि धुऊन पाहा. या वेळी पट्टी बरीच स्वच्छ झालेली दिसेल व साबणाने ती चमक जाणार नाही. तेलाने खाचा भरल्या होत्या, टूथपेस्टने खाचांच्या कडा झिजवल्या. पहिला उपाय तात्पुरता, पण बिनखर्ची. दुसरा टिकाऊ, पण पट्टी कणभर पातळ करणारा. जुन्या गाडीपुढे उभ्या राहिलेल्या कारागिराला दर हातभर जागेवर याच दोहोंतून निवड करावी लागते.