सोमल, मनशीळ आणि खिशातला फोन

आर्सेनिक म्हणजे विष, एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. या अर्धवट माहितीमुळे नको तिथे भीती वाटते आणि हवी तिथे बेफिकिरी होते.

गैरसमज : आर्सेनिकची सगळी संयुगं सारखीच विषारी असतात.

आर्सेनिकचा अणू कोणाशी बांधलेला आहे आणि ते संयुग शरीरात किती विरघळतं, यावर विषारीपणा ठरतो. सोमल हे आर्सेनिकचं ऑक्साइड. ते पाण्यात विरघळतं, त्याला चव-वास जवळजवळ नसतो; म्हणूनच ते इतकं कुप्रसिद्ध. पिवळा हरताळ आणि लाल मनशीळ ही गंधकाबरोबरची खनिजं मात्र पाण्यात फारच कमी विरघळतात. पोथीतलं चुकलेलं अक्षर लेखनिक हरताळानेच झाकत. पण म्हणून ती निर्धोक नव्हेत. हवेत भाजली की त्यांचा सोमलच होतो.

गैरसमज : मनशीळ उजेडात पिवळी पडते, म्हणजे तिचा हरताळ होतो.

जाणकारही फार काळ असंच मानत. मनशिळेच्या रेणूत आर्सेनिकचे ४ आणि गंधकाचे ४ अणू पिंजऱ्यासारखे जोडलेले असतात. प्रकाशाने काही बंध तुटतात आणि दुसरीकडे जुळतात. अणू तेवढेच राहतात, मांडणी बदलते आणि लाल स्फटिकाची पिवळी भुकटी होते. १९८० मध्ये या पदार्थाची ‘पॅरारिअल्गार’ या नावाने स्वतंत्र खनिज म्हणून नोंद झाली. हवेतला ऑक्सिजन या बदलात सामील झाला तर थोडा सोमलही तयार होतो. त्यामुळे संग्रहातली मनशीळ अंधारात ठेवावी आणि त्या भुकटीला उघड्या हाताने शिवू नये.

गैरसमज : फोनमध्ये आर्सेनिक आहे, म्हणजे आपण खिशात विष घेऊन फिरतो.

फोनमधला संदेश मनोऱ्यापर्यंत पोचवणारी चिप बहुधा गॅलियम आर्सेनाइडची असते. सिलिकॉनपेक्षा या अर्धवाहकात इलेक्ट्रॉन कितीतरी चपळ असतात. यात आर्सेनिकचा प्रत्येक अणू गॅलियमच्या ४ अणूंशी घट्ट बांधलेला असतो आणि चिप सीलबंद असते. फोन वापरताना ते आर्सेनिक आपल्यापर्यंत येत नाही.

खरी जोखीम चिप बनवणाऱ्या कामगारांना असते. स्फटिक कापताना उडणारी धूळ आणि कारखान्यात वापरला जाणारा आर्सिन हा अतिविषारी वायू, दोन्ही घातक. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००६ च्या अहवालात गॅलियम आर्सेनाइडला कर्करोगकारक ठरवलं आहे. कचऱ्याच्या ढिगात सर्किट जाळणाऱ्यांनाही हाच धोका आहे, कारण हवेत तापलं की याचाही सोमल होऊन धुरात मिसळतो.

तेव्हा जुना फोन कचऱ्यात टाकू नका, जाळू तर मुळीच नका. अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रात नेऊन द्या.