लहान दिवाणखान्यासाठी होम थिएटर रिसीव्हर : वॅटच्या आकड्यापलीकडे पाहणे आवश्यक

नवी दिल्ली : लहान दिवाणखान्यासाठी होम थिएटर रिसीव्हर निवडताना ग्राहकाची नजर प्रथम खोक्यावरील वॅटच्या आकड्याकडे जाते. प्रत्यक्षात तो आकडा कोणत्या परिस्थितीत मोजला आहे, हे पाहिल्याशिवाय त्याला फारसा अर्थ उरत नाही.

एकच चॅनेल चालू ठेवून, ६ ओहम भारावर आणि १० टक्के विकृती गृहीत धरून मोजलेली शक्ती कागदावर मोठी दिसते. दोन चॅनेल, ८ ओहम आणि २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ या पूर्ण पट्ट्यात मोजलेला आकडा लहान असला, तरी अधिक विश्वासार्ह असतो. दोन रिसीव्हरची तुलना करताना दोन्हींच्या मोजणीच्या अटी समान असाव्यात.

किती शक्ती पुरेशी?

एका वॅटला एक मीटर अंतरावर ८७ डेसिबल आवाज देणारा स्पीकर ५० वॅटवर सुमारे १०४ डेसिबलपर्यंत पोहोचतो. अडीच मीटरवर बसलेल्या श्रोत्यापर्यंत त्यातील सुमारे ९६ डेसिबल पोहोचतात. शक्ती दुप्पट, म्हणजे १०० वॅट केली, तरी वाढ केवळ ३ डेसिबलची होते. आवाज कानाला दुप्पट वाटण्यासाठी सुमारे दहापट शक्ती लागते. त्यामुळे छोट्या खोलीत अधिक वॅटसाठी मोजलेली किंमत बहुधा वाया जाते. तो पैसा चांगल्या स्पीकरवर खर्च करणे अधिक हिताचे ठरते. निवासी क्षेत्रासाठी ध्वनिप्रदूषण नियमांनी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे, हेही सामायिक भिंतींच्या इमारतींत विसरता येत नाही.

उंची कमी, खोली तेवढीच

नेहमीच्या रिसीव्हरची उंची साधारण १५ ते १७ सेंटिमीटर असते. मरान्ट्झच्या एनआर मालिकेसारखे सडपातळ रिसीव्हर सुमारे साडेदहा सेंटिमीटर उंचीचे असतात. मात्र त्यांची खोली ३५ सेंटिमीटरहून अधिक भरते. मागील तारांसाठी आणखी काही सेंटिमीटर लागतात. म्हणून खरेदीपूर्वी कपाटाची खोली मोजावी. रिसीव्हर तापत असल्याने वरच्या बाजूस मोकळी जागा ठेवणे आवश्यक असते. बंद कपाटात तो अतितापाने बंद पडण्याचा धोका असतो.

जोडणीची पारख

दूरचित्रवाणीचा आवाज त्याच एचडीएमआय तारेतून रिसीव्हरकडे आणणारी एआरसी सुविधा २००९ मध्ये आली. ब्ल्यू-रेवरील डॉल्बी ट्रूएचडीसारखा मूळ दर्जाचा आवाज दूरचित्रवाणीमार्फत आणायचा असल्यास ईएआरसी हवी, आणि ती दोन्ही उपकरणांत असावी लागते. मायक्रोफोनद्वारे खोलीनुसार आवाज जुळवून घेणारी यंत्रणा भिंतीलगत बसणाऱ्यांना विशेष उपयोगी पडते.

मागील स्पीकरसाठी जागा नसल्यास ५.१ ऐवजी समोरचे तीन स्पीकर आणि एक सबवूफर अशी ३.१ रचना पुरेशी ठरते. अमेरिकेतून नातेवाइकांकरवी रिसीव्हर मागवणाऱ्यांनी त्यावरील व्होल्टेज अवश्य तपासावे. तेथील १२० व्होल्टसाठीचे उपकरण भारतातील २३० व्होल्टवर थेट जोडल्यास ते जळून जाऊ शकते.