अंगणातले धैर्य



'धैर्य' हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे रणांगण उभे राहते. ख्रिस्ती माणसाला बहुधा रोममधील आखाडा, भुकेले सिंह आणि शांत मुद्रेने त्यांना सामोरे जाणारे हुतात्मे आठवतात. ती चित्रे थोर आहेत यात शंका नाही. परंतु त्यांचा एक तोटा असा की, ती पाहून आपण निश्चिंत होतो. आपल्या वाट्याला सिंह येणार नाही, तेव्हा धैर्याचा प्रश्नही येणार नाही, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात आपल्या श्रद्धेची परीक्षा होते ती घराच्या ओसरीवर, शाळेच्या शिक्षकखोलीत, रुग्णाच्या उशाशी. आणि ती घेणारा असतो सहज एखादा प्रश्न विचारणारा शेजारी. या घरगुती धैर्याविषयी आज चार शब्द सांगावेत असा माझा विचार आहे.

शुभवर्तमानांत या विषयाचा एक विलक्षण धडा आहे. येशूला पकडण्यासाठी शस्त्रधारी लोक बागेत आले, तेव्हा पेत्राने तलवार उपसली आणि प्रमुख याजकाच्या दासाचा कान छाटला. अंधारात, मोठ्या जमावापुढे, एकट्याने तलवार उपसणाऱ्या माणसास भित्रा कोण म्हणेल? परंतु त्याच रात्री, काही घटकांनी, हाच पेत्र प्रमुख याजकाच्या वाड्याच्या अंगणात कोळशांच्या शेगडीपाशी शेकत उभा होता. तेथे एका दासीने त्याला सहज विचारले, 'तूही त्यांच्यापैकीच ना?' आणि तलवार चालवणारा हा गडी त्या एका प्रश्नापुढे कोसळला. एकदा नव्हे, तीनदा तो 'मी नव्हे' म्हणाला. तो लपू शकला नाही, कारण त्याची गालीली बोली त्याला उघडे पाडीत होती. बेळगावास, इंदुरास, बडोद्यास किंवा हैदराबादेस पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आपणा मराठी माणसांना बोलीवरून ओळखले जाणे म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको.

पेत्रापाशी धैर्य नव्हते असे म्हणता येणार नाही. हाताचे धैर्य त्याच्यापाशी होते, शब्दाचे नव्हते. ही दोन धैर्ये एक नव्हेत. तलवार उपसताना माणसाला विचार करावा लागत नाही. राग त्याचे काम करतो. अंगणात मात्र रागाचा उपयोग नसतो. तेथे 'मी कोण आहे' हे शांतपणे सांगावे लागते, आणि ते सांगताना लोक हसतील, दूर सारतील, कदाचित पकडूनही देतील, हे सोसण्याची तयारी ठेवावी लागते.

नव्या कराराची मूळ भाषा ग्रीक. त्या भाषेतील 'पार्रेसिया' हा शब्द या संदर्भात ध्यानी घेण्याजोगा आहे. 'सर्व काही बोलणे' असा त्याचा मूळ अर्थ. प्राचीन अथेन्सच्या नागरिकाला सभेत मोकळेपणाने बोलण्याचा जो अधिकार होता, त्याला हा शब्द लावीत. 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथात पेत्र व योहान धर्मसभेपुढे उभे राहून बोलतात आणि या अशिक्षित माणसांचे धैर्य पाहून सभासद चकित होतात, असा प्रसंग आहे. मराठीत जेथे आपण 'धैर्य' वाचतो, तेथे मूळात हाच शब्द आहे. म्हणजे आरंभीच्या ख्रिस्ती मंडळींनी धैर्यासाठी उचललेला शब्द युद्धभूमीवरचा नसून मोकळ्या वाणीचा आहे.

मग अंगणात गारठलेला पेत्र धर्मसभेपुढे कसा बोलू लागला? मध्ये काय घडले? संत योहानाच्या शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय याचे उत्तर देतो. सरोवराच्या काठी पुन्हा एकदा कोळशांचा विस्तव पेटलेला आहे. त्या विस्तवासाठी योहानाने जो ग्रीक शब्द योजला, तो संपूर्ण नव्या करारात अवघा दोन वेळा येतो: एकदा अंगणात आणि एकदा या काठावर. येथेही प्रश्न तीन. पण ते विचारणारा येशू आहे, आणि प्रश्न आहे प्रेमाचा. 'तू असे का केलेस?' असे येशू विचारीत नाही. कानउघाडणी नाही, जबाब मागणे नाही. उलट आपल्या मेंढरांची राखण तो याच माणसाच्या हाती सोपवितो. ज्याच्यावर कोणीही विश्वास टाकू नये, त्याच्यावर विश्वास टाकला गेला. पेत्राचे धैर्य त्यातून उगवले.

धैर्य आधी आणि विश्वास नंतर असा क्रम आपण लावतो. खरा क्रम उलटा आहे. मराठी भाषेने येथे आपल्यावर एक उपकार करून ठेवला आहे. 'देव आहे असा माझा विश्वास आहे' आणि 'शेजाऱ्यावर माझा विश्वास आहे' या दोन्ही वाक्यांत आपण एकच शब्द वापरतो. पहिल्या वाक्यात मत आहे, दुसऱ्यात भरवसा. मत कितीही पक्के असले तरी ते माणसाला धीर देत नाही. धीर येतो तो भरवशातून. लहान मूल आईचे बोट धरून काळोखातून चालते, ते काळोखाविषयी त्याचे काही निश्चित मत झाले म्हणून नव्हे.

हे धैर्य एका दिवसात येत नाही. निकदेम नावाच्या प्रतिष्ठित यहुदी गृहस्थाची कथा पाहा. योहानाच्या शुभवर्तमानात तो तीनदा भेटतो. प्रथम तो येशूकडे रात्री येतो आणि प्रश्न विचारतो. पुढे धर्मसभेत येशूविरुद्ध गहजब चालला असता, माणसाचे म्हणणे ऐकून घेतल्यावाचून त्याला दोषी ठरविणे आपल्या नियमशास्त्रात बसते काय, एवढेच तो विचारतो. तेवढ्यावरही त्याला टोमणा खावा लागतो. तिसऱ्या वेळी, येशूचे शिष्य पांगलेले असताना, तो सुमारे ३० किलो भरतील एवढे गंधरस व अगरू घेऊन दफनासाठी येतो. रात्रीचा प्रश्न, सभेतील एक वाक्य आणि शेवटी उघड कृती, अशा या तीन पायऱ्या. रात्री आलेल्या निकदेमाला येशूने 'दिवसा ये' असे बजावले नाही. तो जसा आला तसा त्याच्याशी बोलला. भीत भीत विचारलेल्या प्रश्नाचाही मान राखावा, हे आपण त्यातून शिकावे.

श्रद्धावान माणसाने कधी तक्रार करू नये, अशी एक समजूत आहे. 'ईयोब' या ग्रंथाने ती मोडून काढली आहे. ईयोबावर आपत्ती कोसळल्या, तेव्हा त्याचे तीन मित्र आले आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मूक बसून राहिले. तेथवर त्यांनी उत्तम केले. पुढे ते बोलू लागले. देवाची बाजू मांडू लागले. तुझ्या पापाचेच हे फळ असले पाहिजे, असे त्याला पटवू लागले. ईयोब मात्र देवाशी भांडला, त्याला जाब विचारला. ग्रंथाच्या अखेरीस देवाचा निर्णय काय? भांडणारा ईयोब योग्य बोलला, आणि देवाची वकिली करणारे मित्र योग्य बोलले नाहीत. ज्याच्यावर भरवसा असतो त्याच्याशीच माणूस भांडू शकतो. वर्गातला एखादा मुलगा जेव्हा विचारतो, 'गुरुजी, इतकी प्रार्थना करूनही माझे बाबा बरे का होत नाहीत?' तेव्हा ईयोबाच्या मित्रांची घाई आपल्या जिभेवर येते. 'बाळ, ते मला ठाऊक नाही. पण मी तुझ्याबरोबर प्रार्थना करीन' असे म्हणावयास पुष्कळ धैर्य लागते, आणि त्याहून अधिक विश्वास.

आपल्या महाराष्ट्राच्या भूमीत या धैर्याची दोन उदाहरणे घडली. दोन्ही स्त्रिया कॅथलिक नव्हत्या. पण सद्गुणांस पंथाची कुंपणे नसतात. पंडिता रमाबाई यांचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे झाला. त्यानंतर आज्ञाधारक शिष्येप्रमाणे त्या गप्प बसल्या नाहीत. त्रैक्याच्या सिद्धांताविषयी, चर्चच्या अधिकाराविषयी त्यांनी आपल्या गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेरल्डीन यांना अवघड प्रश्न विचारले. क्रुसावरील मजकूर भारतीयांना न कळणाऱ्या लॅटिनमध्येच का असावा, आपल्या संस्कृतात का नसावा, असेही विचारले. परक्या देशात, परक्यांच्या आश्रयास असता सदसद्विवेकबुद्धी गहाण टाकण्यास त्यांनी नकार दिला. जेरल्डीन यांनाही हे प्रश्न रुचले नाहीत. तरीही तो पत्रव्यवहार त्यांनीच जपून ठेवला, आणि १९७७ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. मतभेद तीव्र होते, पण नाते तुटले नाही.

दुसरे उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, यांनी १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि एका क्षणात संसार दुभंगला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे राहावयास आल्या, त्या आपले सोवळे सांभाळूनच. टिळकांनी ते मोडावयास लावले नाही. एका घरात दोन धर्म नांदले, वाद झाले, रुसवे झाले, थट्टाही झाली; आणि १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' या त्यांच्या आत्मचरित्राचा पहिला भाग १९३४ साली निघाला. ज्यांनी तो वाचला असेल त्यांना ठाऊक आहे की, त्यात बढाईला जागा नाही. स्वतःच्या भीतीवर हसण्याइतका मोकळेपणा तेथे आहे. वाट पाहणारा पती आणि स्वतःच्या पायांनी चालणारी पत्नी, दोघांनाही तेथे धैर्य लागले.

येथे एक कटू गोष्टही बोलली पाहिजे. गोमंतकात १५७९ साली आलेले फादर थॉमस स्टीफन्स यांनी 'ख्रिस्तपुराण' मराठीत रचले आणि १६१६ साली ते छापले गेले. श्रोत्यांनी शंका विचारावी आणि गुरूने उत्तर द्यावे, ही आपल्या पुराणांची रीत त्यांनी आपलीशी केली. संवादाचे ते सुंदर लेणे आहे. परंतु त्याच गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षे वगळता, धर्मन्यायालयाचा धाक होता. ज्याच्या पाठीशी राजसत्तेचा हात असतो, त्याला बोलण्यासाठी धैर्य लागत नाही. आणि ज्याच्यावर तो हात उगारलेला असतो, त्याच्या होकाराला संवाद म्हणता येत नाही. हे मान्य करणे हाही ख्रिस्ती धैर्याचाच भाग आहे.

कॅथलिक चर्चनेही पुढे हा धडा शब्दांत मांडला. पोप सहावे पॉल यांनी ६ ऑगस्ट १९६४ रोजी काढलेल्या परिपत्रात संवादाची चार लक्षणे सांगितली: स्पष्टता, सौम्यता, विश्वास आणि विवेक. आपले म्हणणे समोरच्यास कळेल असे असावे. त्यात अहंकार वा डंख नसावा. स्वतःच्या शब्दावर आणि ऐकणाऱ्याच्या सद्भावावर विश्वास असावा. आणि ऐकणारा कोण, कोणत्या मनःस्थितीत आहे, याचे भान असावे. त्याच वर्षी डिसेंबरात ते मुंबईस आले आणि अन्य धर्मांच्या प्रतिनिधींपुढे बोलताना त्यांनी बृहदारण्यक उपनिषदातील प्रार्थनेचा आदराने उच्चार केला. आपल्या श्रद्धेवर ज्याचा पाय घट्ट आहे, त्याला दुसऱ्याच्या प्रार्थनेची भीती वाटत नाही.

आता आपल्या ओसरीकडे वळू. शेजारी विचारतो, 'तुम्ही मंडळी गोड बोलता, ती आम्हांला बाटवण्यासाठीच ना?' प्रश्न बोचतो. अशा वेळी दोन वाटा सोप्या असतात. एक पेत्राच्या तलवारीची: चिडावे आणि चार जुने हिशेब काढावेत. दुसरी पेत्राच्या नकाराची: हसून विषय बदलावा, आपण फारसे धार्मिक नाही असे भासवावे. तिसरी वाट कठीण आहे. तुमच्या मनात ही शंका का आली ते मला सांगा, असे म्हणावे. ते पुरते ऐकावे. मग आपण काय मानतो आणि का मानतो, ते साध्या शब्दांत सांगावे. आणि ते त्याला पटले नाही तरी उद्या सकाळी त्याच आपुलकीने त्याला हाक मारावी. संभाषण जिंकण्याची जबाबदारी आपल्यावर टाकलेली नाही. ते खरेपणाने करण्याची मात्र आहे.

संत पेत्राच्या नावे असलेल्या पहिल्या पत्रात असा उपदेश आहे की, आपल्या आशेविषयी जो विचारील त्याला उत्तर देण्यास सदैव सिद्ध असावे, पण ते सौम्यतेने व आदराने द्यावे. ज्याने तलवारीने कान छाटला आणि दासीपुढे ज्याची वाचा बसली, त्याच्या नावे हा उपदेश यावा, यापरते आश्वासन आपल्यासारख्या सामान्यांना कोणते हवे? आज सायंकाळी कोणी आपल्या ओसरीवर येऊन बसले, काही विचारू लागले, तर त्याला बसावयास पाट द्यावा, आणि आधी त्याचे ऐकावे.