पाळीची असह्य कळ : काढा घ्या, पण तपासणी चुकवू नका



बोनकोडे गावठाणातली चाळ असो की घणसोली-तुर्भ्याची वस्ती, आपल्या कितीतरी भगिनींचा रोजचा क्रम एकच असतो. पहाटे उठून स्वयंपाक उरकायचा, मुलांना शाळेत धाडायचे आणि सेक्टरमधल्या चार घरची धुणीभांडी करायला किंवा महापे-पावण्याच्या कंपनीत शिफ्टला जायचे. त्यातलीच एखादी महिन्यातले तीन-चार दिवस पोट आवळून भिंतीला टेकून बसते. खाडा झाला की पैसे कापले जातात. मग मेडिकलमधली गोळी, शेजारणीने सांगितलेला काढा, ओळखीच्या बाईने विकलेला पावडरचा डबा, असे एकामागून एक सुरू होते. आई म्हणते, "पाळीत दुखतेच, आम्हालाही दुखायचे." अशीच वर्षे निघून जातात.

पाळीत थोडे दुखणे नेहमीचे आहे. पण कामधंदा, शाळा, झोप बंद पाडणारे दुखणे नेहमीचे नाही. त्यामागे एंडोमेट्रिओसिस हा आजार असू शकतो.

हा आजार काय आहे?

गर्भाशयाला आतून एक अस्तर असते. तेच दर महिन्याला पाळीवाटे बाहेर पडते. या आजारात त्या अस्तरासारखा थर गर्भाशयाच्या बाहेर वाढतो. तो अंडाशयावर, गर्भनलिकांवर, कधी आतड्यावर किंवा लघवीच्या पिशवीवरही असतो. पाळीच्या वेळी तिथे सूज येते, काही वेळा रक्तही झिरपते. हळूहळू आतले अवयव एकमेकांना चिकटतात. अंडाशयात जुने रक्त साठून गाठ होते. तिला डॉक्टर 'चॉकलेट सिस्ट' म्हणतात.

लक्षणे अशी : पाळीआधी व पाळीत जीवघेणी कळ, कंबर व ओटीपोट एरवीही दुखणे, पतीशी संबंधाच्या वेळी दुखणे, पाळीत शौचाला किंवा लघवीला दुखणे, सतत थकवा आणि मूल राहण्यात अडचण. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने पाळी येण्याच्या वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना, म्हणजे जगभरात १९ कोटी जणींना, हा आजार आहे. तो श्रीमंत बायकांचा आजार नाही. आपल्याकडे तो ओळखलाच जात नाही, एवढेच. परळच्या आयसीएमआरच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेतले डॉ. राहुल गजभिये आणि त्यांचे सहकारी भारतीय स्त्रियांमधील याच आजाराचा अभ्यास करत आहेत.

हा आजार मुळापासून घालवणारे औषध आज जगात कुठेच नाही. पण वेळेवर उपचार मिळाले तर दुखणे ताब्यात ठेवता येते. नेमके इथेच "मुळापासून बरे करतो" म्हणणाऱ्यांचे फावते.

बुद्धाने दिलेली कसोटी

तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितले होते की, परंपरा आहे म्हणून, पुष्कळ लोक म्हणतात म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून काही मानू नका. हिताचे की अहिताचे ते पारखून घ्या. काढा, चूर्ण, कॅप्सूल यांनाही हीच कसोटी लावू या.

"मला फरक पडला" हा पुरावा का पुरत नाही, हे अमेरिकेतल्या एका चाचणीवरून कळते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत एंडोमेट्रिओसिस असलेल्या ६९ तरुण मुली होत्या. काहींना सहा महिने ड जीवनसत्त्व दिले, काहींना माशाचे तेल आणि काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. ड जीवनसत्त्व घेणाऱ्यांचे दुखणे कमी झाले खरे, पण नुसती गोळी घेणाऱ्यांचेही जवळपास तेवढेच कमी झाले. त्या मुली खोटे बोलत नव्हत्या. दुखणे मुळात कमी-जास्त होत असते आणि कुणीतरी लक्ष देते आहे या भावनेनेही बरे वाटते.

घरात करता येईल असे

गरम पाण्याच्या पिशवीचा शेक साधा आणि स्वस्त आहे, त्याने पेटके सैल होतात. फक्त कातडी भाजू देऊ नका. आल्याने पाळीचे दुखणे थोडे कमी झाल्याचे काही लहान चाचण्यांत दिसले आहे. चहात किंवा जेवणात आले घ्यायला हरकत नाही. ब्राझीलमध्ये ४० स्त्रियांच्या एका अभ्यासात आठ आठवडे योगासने करणाऱ्यांचे रोजचे दुखणे कमी झाले. विहारात महिला मंडळाने आठवड्यातून दोन दिवस तास ठेवला तर खर्च काहीच नाही. आनापानाने मन शांत होऊन कळ सोसायला बळ मिळते, पण आजार जात नाही.

ओमेगा-३ साठी महागड्या कॅप्सूलऐवजी तारली, बांगडा आणि जवसाची चटणी खा. त्याने एंडोमेट्रिओसिस बरा होतो असे सिद्ध झालेले नाही. पण ते चांगले अन्न आहे आणि घरातले सगळेच खाऊ शकतात. रक्तस्राव जास्त असेल तर हिमोग्लोबिन तपासा. कमी असल्यास लोहाच्या गोळ्या नागरी आरोग्य केंद्रात मिळतात. त्या चहाबरोबर घेऊ नका, लोह अंगी लागत नाही.

इथे सांभाळा

हळदीच्या कॅप्सूल, अश्वगंधा, शतावरी, अशोकारिष्ट, मॅग्नेशियम यांतले काहीही एंडोमेट्रिओसिसवर उपचार म्हणून मोठ्या चाचण्यांनी सिद्ध झालेले नाही. आणि 'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक असे नव्हे. भाजीतली हळद वेगळी आणि कॅप्सूलमधला तिचा अर्क वेगळा. असे अर्क आणि अश्वगंधा यांमुळे काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. २०२० च्या शेवटच्या महिन्यांत मुंबईत गुळवेल घेतलेल्या ६ रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे तिथल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. वाद असला तरी एक गोष्ट नक्की : डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, भूक गेली तर घेत असलेले सगळे काढे-कॅप्सूल थांबवून लगेच दवाखाना गाठा.

अमेरिकेतल्या संशोधकांनी २००८ मध्ये इंटरनेटवरून विकली जाणारी १९३ आयुर्वेदिक औषधे तपासली. त्यांतल्या सुमारे २१ टक्क्यांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. म्हणून लेबल नसलेली पुडी, भस्म घेऊ नका. आसव-अरिष्टांमध्ये आंबवण्यामुळे मद्यार्क तयार होतो, हेही शील पाळणाऱ्या भगिनींना माहीत असावे. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची कॅप्सूल मनाने रोज घेऊ नका, जास्त झाल्यास ती अपाय करते.

मेडिकलमधल्या गोळ्याही मनाने महिनोन्‌महिने घेऊ नयेत. मेफेनॅमिक ॲसिड या पाळीच्या गोळीतल्या औषधाबाबत भारतीय औषधसंहिता आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये इशारा दिला. क्वचित एखादीला त्याची गंभीर ॲलर्जी होते. गोळीनंतर ताप आणि अंगावर पुरळ आले तर गोळी बंद करून डॉक्टरांना दाखवा. उपाशीपोटी अशी गोळी घेऊ नका.

पोषक पावडरचा डबा घरी असेल तर उलटून बघा. त्यावर 'नॉट फॉर मेडिसिनल यूज', म्हणजे 'औषध म्हणून वापरासाठी नाही', असे छापणे बंधनकारक आहे. जे कंपनी स्वतः लिहिते, त्याच्या उलट विकणारी सांगते! पाळीचे विकार दुरुस्त करणारे औषध म्हणून जाहिरात करायला १९५४ च्या औषधे व जादूई उपाय कायद्याने मनाई आहे. गंडा-दोरा, उतारा यांबद्दल तर बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराला वेगळे सांगायला नको.

मग करायचे काय?

एका वहीत दोन-तीन महिने लिहून ठेवा : पाळी कधी आली, किती दुखले, कोणत्या दिवशी काम बुडाले, काय घेतले. ही वही घेऊन नागरी आरोग्य केंद्रात किंवा वाशीच्या महापालिका रुग्णालयातल्या स्त्रीरोग विभागात जा. आशाताईंना बरोबर घ्या. "पोटात दुखते" एवढेच न सांगता "हे एंडोमेट्रिओसिस असू शकते का?" असे विचारा. घेत असलेला प्रत्येक काढा आणि डबा दाखवा, लपवू नका. लग्न न झालेल्या मुलीची सोनोग्राफी पोटावरून करता येते, आईने त्या भीतीने तिला घरी ठेवू नये. सोनोग्राफी साफ आली तरी आजार नाहीच असे ठरत नाही. २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार निदानासाठी प्रत्येकीची शस्त्रक्रिया करायची गरज नसते, लक्षणांवरूनही गोळ्या सुरू करता येतात.

या गोळ्या बहुधा हार्मोनच्या असतात. काहींनी पाळी बंद राहते. त्यामुळे 'घाण रक्त साठते' हा गैरसमज आहे. अस्तरच कमी तयार होते. दुर्बिणीची शस्त्रक्रिया सुचवली तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ती बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा.

दोन सल्ले मात्र घाईने मानू नका. एक, "लग्न लावून द्या, मूल झाले की बरे होईल." गर्भारपण हा या आजारावरचा उपचार नाही. दुसरा, "पिशवीच काढून टाका." थर पिशवीच्या बाहेर असेल तर पिशवी गेल्यावरही दुखणे राहू शकते. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली होती. त्यामुळे असा सल्ला मिळाला तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत जरूर घ्या.

पाळी चुकलेली असताना एका बाजूला जोरात दुखले, चक्कर येऊन पडलात, ताप आला किंवा तासाला एक पॅड भिजू लागला तर काढ्याची वाट न बघता तातडीने रुग्णालय गाठा.

१९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात बाबासाहेबांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभ विधेयकाला पाठिंबा दिला. स्त्रीच्या शरीराचे कष्ट हा तिचा एकटीचा खासगी प्रश्न नाही, असे त्यांनी मानले. आपल्या घरात कुणी दर महिन्याला पोट धरून बसत असेल तर तिला शेक जरूर द्या, आल्याचा चहाही द्या. पण येत्या सोमवारी एक दिवसाची मजुरी बुडवून तिच्याबरोबर दवाखान्यात जा. नवऱ्याने, भावाने, सासूने, कुणीही जावे.

नमो बुद्धाय! जयभीम!